शब्दाने शब्द वाढतो तेव्हा

आपसांतील संहारक भांडणाला मराठीत 'यादवी' म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्याच्या मुळाशी असलेला प्रसंग आपल्या ध्यानीमनीही नसतो. महाभारताच्या मौसलपर्वात तो आला आहे. भारतीय युद्ध होऊन ३६ वर्षे लोटली होती. यादव प्रभासक्षेत्री जमले आणि मद्यपान सुरू झाले. भर बैठकीत सात्यकीने कृतवर्म्याला टोमणा मारला, की झोपलेल्यांचा घात करणारा तू कसला क्षत्रिय! प्रद्युम्नाने त्या टोमण्याला दाद दिली. कृतवर्म्याने उलट भूरिश्रव्याच्या वधाचे उणे काढले. शब्दाने शब्द वाढला आणि सात्यकीने उठून कृतवर्म्याचे मस्तक उडवले. तेव्हा कृतवर्म्याच्या बाजूचे लोक जेवणाची उष्टी भांडी घेऊनच सात्यकीवर तुटून पडले. त्याला सोडवायला धावलेला प्रद्युम्नही तेथेच पडला. पुढे उपटलेल्या लव्हाळ्याचेही मुसळ झाले आणि एक कुळ संपले.

शाप होता, हे खरे. परंतु त्या शापाला वाट मिळाली ती ३६ वर्षांपूर्वीच्या एका उण्यादुण्यातून आणि एका प्याल्यातून. वाचकहो, या कथेत आम्हांला सर्वांत विचार करायला लावतो तो सात्यकी नव्हे किंवा कृतवर्माही नव्हे, तो प्रद्युम्न. त्याने कोणाला शिवी दिली नाही, शस्त्रही आधी उचलले नाही. त्याने फक्त दाद दिली.

आमच्या कोरगावाकडे, किंबहुना साऱ्या पेडणे महालात, उन्हाळा लागला की काजूच्या बोंडांचा वास रानावनांत दरवळू लागतो. बोंडे तुडवून रस काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा. पहिल्यांदा गाळले की हुर्राक, तेच पुन्हा गाळले की फेणी. या कष्टांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुलांची शिक्षणे झाली. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा भट्टीला किंवा गावाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण हुर्राक सौम्य म्हणून सरबतासारखे घेतले जाते आणि किती पोटात गेले याचा हिशेब राहत नाही, हेही आपण जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के भारतीय पुरुष मद्य घेतात असे आढळले. गोव्यात हेच प्रमाण सुमारे ३७ टक्के होते.

अशा बैठकीतून खून झाल्याची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत येते. कारण वाचले तर हसावे की रडावे ते कळत नाही. पैसे कोणी द्यायचे, खुर्ची कोणाची, थट्टा कोणी केली! मरणारा आणि मारणारा पुष्कळदा एकमेकांचे परिचितच असतात. ते स्वाभाविकही आहे. परक्याला आपले वर्म ठाऊक नसते; जिव्हारी लागेल असा शब्द सोबत्यालाच सापडतो. मद्याने माणसात नवे वैर उपजत नाही. परंतु त्याची नजर आखडते. समोरचा अपमान तेवढा दिसतो. घरची माणसे, उद्याचा दिवस, तुरुंग, यांतले काहीच दिसत नाही. एरवी जो शब्द गिळून माणूस घरी गेला असता, तोच शब्द त्या घटकेला प्राणाहून मोठा होतो. त्यात जवळ कोयता किंवा लाकडाचा दांडा असेल, तर क्षणात होत्याचे नव्हते होते.

'मी शुद्धीवर नव्हतो' या सबबीवर सुटका होईल, असा एक समज आढळतो. तो खोटा आहे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हाच्या पेप्सू राज्यातील एक खटला आला होता. लग्नघरी जेवणाच्या वेळी एका निवृत्त लष्करी जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जागेवरून जरा सरकायला सांगितले. मुलगा सरकला नाही. दारू प्यालेल्या जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. कृत्य ध्यानात आल्यावर त्याने क्षमाही मागितली. परंतु तो अडखळत का होईना, चालत-बोलत होता, पळून जाऊ पाहत होता. म्हणून न्यायालयाने खुनाचा दोष आणि जन्मठेप कायम ठेवली. एका जेवणाच्या जागेची ही किंमत!

स्वखुशीने घेतलेली नशा ही कायद्याने सबब होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व बदललेले नाही. पूर्वसंकल्प नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता किंवा क्रौर्य न करता मृत्यू घडला, तर तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण त्यालाही दहा वर्षांपर्यंत कारावास, आणि मारण्याचा हेतू दिसला तर जन्मठेपही होऊ शकते. शिवाय न्यायालय शिक्षा एकाला देते, भोगतात दोन घरे. बहुधा दोन्ही एकाच वाड्यावरची, एकाच देवळात नारळ ठेवणारी. एका घरात कर्ता पुरुष फोटोत जातो, दुसऱ्या घरातला कारागृहात. दोन्हीकडची मुले मात्र एकाच शाळेच्या बाकावर बसतात.

मग उपाय कोणता? केवळ बंदीने भागेल असे आम्हांला वाटत नाही. द्वारकेतही बंदी होती. मद्य गाळणाऱ्याला आप्तांसह सुळावर चढवण्याची दवंडी पिटली होती. तरीही प्रभासला प्याले भरलेच. गोव्यातच झालेला एक प्रयोग अधिक बोधक वाटतो. 'संगाथ' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांसंबंधी अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी काही पुरुषांशी चार बैठकांपर्यंत शांतपणे बोलणे केले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. आपुलकीने बोलणारे माणूस भेटले तर फरक पडतो, एवढे त्यातून खास दिसते.

आणि पहिला शब्द निघाल्यापासून पहिला हात उठेपर्यंतची जी काही मिनिटे असतात, ती भोवती बसलेल्यांच्या हातची असतात. झोंबणाऱ्या थट्टेला हसू नये. 'बघतोस काय, दे उत्तर' असे म्हणू नये. कोण बरोबर, याचा निवाडा त्या रात्री करूच नये. एकाला हाताला धरून बाहेर न्यावे, घरी पोहोचवावे. दुकानदाराने पुढचा ग्लास भरू नये. लग्नघरच्या यजमानाने, जत्रेतल्या वडीलधाऱ्यांनी हे आपलेच काम समजावे. घरच्या बाईवर ते ढकलू नये. मात्र हत्यार निघाले असेल तर मध्ये पडण्याचे धाडस नको. माणसे दूर करून ११२ क्रमांकावर पोलिसांना, आणि कोणी जखमी असल्यास १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे.

भांडणाचे मूळ शोधायला दुसऱ्या दिवशीची सकाळ पुरेशी असते. बहुतेकदा त्या सकाळी मूळच सापडत नाही. तेवढी एक रात्र निभावून नेणारा कोणीतरी बैठकीत हवा. प्रभासक्षेत्री तो नव्हता. दाद देणारा मात्र होता.