भावंडांची माया आणि कायद्याचा आधार

डाउन सिंड्रोम हा संसर्गजन्य रोग नव्हे, की कोणाच्या पापाचे फळही नव्हे. मानवी पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. या अवस्थेत बहुधा एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक असते. इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले. हे कारण मात्र १९५९ मध्ये उजेडात आले.

अशा बालकाला चालणे-बोलणे उशिरा येते, परंतु येते. सदऱ्याची बटणे लावणे, सुटे पैसे ओळखणे हे धडे पुष्कळ घरांत थोरली बहीणच खेळता खेळता देते. जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्याने या व्यक्तींचे आयुर्मान वाढले आहे. साहजिकच आईवडिलांच्या पश्चात भावाचा सांभाळ अनेकदा बहिणीकडे येतो.

केवळ मायेवर हा भार टाकणे योग्य नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांवरील बौद्धिक अक्षम व्यक्तीसाठी स्थानिक समिती पालक नेमू शकते. बहीण विवाहित असली तरी तिला अर्ज करता येतो. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीस सादर करावयाची असते. त्यामुळे भावाचा जमिनीतील वाटाही सुरक्षित राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. भावाला शाळेत सामावून घेताना बहिणीचा अभ्यास बुडणार नाही, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. पंचायत सदस्यांनी आईवडील हयात असतानाच अशा कुटुंबांना पालकत्वाची माहिती द्यावी.