सहकार्याचें औषध

‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे,’ असें आपण घरोघरीं म्हणत असतों. रोग नेहमींचा असेल तर या श्रद्धेनें फारसें बिघडत नाहीं. कारण तशा शेंकडों रोग्यांचा अनुभव त्या डॉक्टरांच्या गांठीं असतो. परंतु रोग विरळा असला म्हणजे एकट्याचा अनुभव कितीसा पुरणार? वर्षाकाठीं पांचदहा रोगी पाहणाऱ्यानें एखादें औषध गुणकारी ठरविलें, तरी तो गुण औषधाचा कीं योगायोगाचा, हें त्याचें त्यालाही सांगतां यावयाचें नाहीं. या अडचणींतून वैद्यकशास्त्रानें कसा मार्ग काढला, हें लहान मुलांच्या रक्तकर्करोगाच्या इतिहासावरून उत्तम रीतीनें कळतें.

१९४८ सालीं बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनीं अमिनोप्टेरिन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. सोळा मुलांपैकीं दहांस गुण आला होता. तें औषध पुरविणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेंतील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगड सुब्बाराव हे आपलेच देशबंधु होत. परंतु हा गुण टिकाऊ नव्हता; थोड्याच महिन्यांत रोग पुन्हां उलटे.

पुढील दशकांत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आश्रयानें निरनिराळ्या गांवच्या रुग्णालयांनीं आपापसांत करार केले. रोगाची व्याख्या एक, औषधांचें प्रमाण एक, टिपणें ठेवण्याची पद्धतीही एकच! बेथेस्डा व बफलो येथील वैद्यांनीं मिळून तींच दोन औषधें दोन निरनिराळ्या क्रमांनीं देऊन पाहिलीं आणि ६५ रोग्यांचा अहवाल १९५८ सालीं प्रसिद्ध केला. कोणत्या रोग्यास कोणता क्रम द्यावयाचा, हें चिठ्ठ्या टाकावयाच्या तत्त्वावर ठरविलें होतें.

आजारी लेंकराच्या नांवानें चिठ्ठी टाकणें कोणाही मातेस निष्ठुरपणाचें वाटेल. पण दोहोंपैकीं सरस कोणता, हें जेथें कोणासच ठाऊक नाहीं, तेथें निवड वैद्याच्या मर्जीवर सोडली तर सौम्य दुखण्याचे रोगी नकळत एका बाजूस जातात आणि निष्कर्ष खोटा ठरतो. खोट्या निष्कर्षाचें प्रायश्चित्त पुढच्या मुलांना भोगावें लागतें.

असा संघ वाढतो कसा? एका परीक्षेंत सरस ठरलेला उपचारक्रम पुढील परीक्षेचा पाया होतो. तो स्वीकारणारें नवें रुग्णालय आपलीं टिपणें संघाच्या हवालीं करतें. आणि रोग्यांची संख्या वाढली कीं अधिक सूक्ष्म प्रश्नांचा निकाल लावतां येतो. जर्मनींत बर्लिनच्या डॉ. रीम यांच्या उपचारक्रमास १९७६ सालीं फ्रांकफुर्ट व म्युन्स्टर हीं शहरें येऊन मिळालीं. पुढें इतर देशांनींही तो क्रम स्वीकारला. अमेरिकेंतील चार संघ २००० सालीं एक झाले. मुख्य औषधें बहुतेक १९७० च्या सुमारासच ठाऊक झालीं होतीं. तीं कशीं, केव्हां व किती काळ द्यावीं हें ज्ञान मात्र या सहकार्यानें मिळविलें. १९६० च्या सुमारास दहांतून एक मूलही वांचणें दुर्घट होतें. आज संपन्न देशांत दहांतून सुमारें नऊ मुलें बरीं होतात.

आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनीं एकच उपचारक्रम अंगीकारला आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचें प्रमाण वाढलें. २०१२ पासून टाटा स्मारकाच्या पुढाकारानें देशभरच्या कर्करोग रुग्णालयांचें जाळें उभें राहिलें आहे. तरीही येथील एक दुःख औषधाच्या हातचें नाहीं. उपचार दोनतीन वर्षें चालतो. मूल खेळूं-हंसूं लागलें, पैसा संपला, गांव दूर पडलें, कीं पुष्कळ कुटुंबें तो अर्ध्यावर सोडतात आणि रोग परततो.

म्हणून या सहकार्यांत घरच्या माणसांचाही वांटा आहे. उपचार शेवटपर्यंत नेणें, अडल्यास रुग्णालयाच्या मदतनिधीची निःसंकोच चौकशी करणें आणि नीट समजून घेऊन आपल्या मुलाचीं टिपणें संघास घेऊं देणें, एवढें जें कुटुंब करतें तें आपल्या मुलाबरोबर न पाहिलेल्या मुलांसही हात देतें. आज बरें होणारें प्रत्येक मूल पूर्वीं कोणाच्या तरी आईबापांनीं दिलेल्या अशाच संमतीचें ऋणी आहे.