उजनीकाठचा मुक्काम

चार रात्रींच्या पाहुण्याकडून मिळणारे भाडे बारमाही बिऱ्हाडकरूच्या भाड्याहून किफायतशीर ठरू लागले आणि मूळ रहिवाशांनाच आपल्या आळीत घर मिळेनासे झाले, म्हणून स्पेनमधील बार्सिलोनाच्या महापौरांनी, पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जून 2024 मध्ये जाहीर केला. पाहुण्याला घरातली खोली भाड्याने देण्याची हीच प्रथा ‘होमस्टे’ या नावाने आमच्या इंदापूर तालुक्यात, भिगवण-कुंभारगावच्या पाणवठ्यावरही रुजली आहे. मात्र ती रुजली विस्थापितांच्या अंगणात.

भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, आणि काठच्या कसदार जमिनी, जुनी गावठाणे, पळसदेवचे प्राचीन मंदिर, सारे जलाशयाच्या पोटात गेले. ज्यांच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्र असे बुडाले, त्यांच्यापैकी कित्येकांनी नांगर ठेवून जाळे हाती घेतले. पुढे याच उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, हिमालय ओलांडून पट्टकादंब येऊ लागले. त्यांच्यामागोमाग दुर्बिणी घेतलेले शहरवासी आले. पक्षी पाहायचे तर उजाडण्यापूर्वी पाण्यावर असले पाहिजे, त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा, म्हणून ओसरीलगतची खोली पाहुण्यासाठी मोकळी झाली.

धुके विरण्याच्या वेळी नावाडी वल्हे आवरून बांबूने होडी हलकेच रेटतो, कारण वल्ह्याच्या आवाजाने थवा उठतो, हे त्याला मासेमारीतच उमगलेले असते. आणि पाहुणा काठावर परततो तेव्हा चुलीवर चिलापीचे कालवण रटरटत असते, शेजारी भाकरी थापली जात असते. या दोन्ही हातांचा मोबदला त्याच घरात राहतो.

शेजारच्या बारामती तालुक्यात, पळशीवाडी येथे, पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा जो प्रयोग उभा केला, त्याचेही मर्म हेच. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण त्यानंतर कित्येक वर्षांनी, 2020 मध्ये आले.

यजमान आणि पाहुणा एका छपराखाली निजतात तोवर हा व्यवसाय गावाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परगावच्या मालकाने काठावरची जमीन घेऊन खोल्या बांधाव्यात आणि एकदा विस्थापित झालेल्या कुटुंबाने तेथे रखवालदारी करावी, ही वेळ येथे येऊ नये. म्हणून भिगवणला जाणाऱ्या वाचकांना विनंती आहे: खोली ठरविण्यापूर्वी यजमान त्याच घरात राहतो काय, एवढे विचारून घ्यावे, आणि होडीचे भाडे नावाड्याच्या हातीच द्यावे.