पाहुणे पक्षी, डास आणि आपली मुलं

भातं कापून झाली, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर पाहुणे उतरतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या पुळणीवर कुरव पक्ष्यांचे थवे, खाडीच्या चिखलात तुतवार, उरणच्या पाणथळीत लांब पायांचे रोहित. मुलं त्यांना पाहायला धावतात. मोठी माणसं मात्र अलीकडे जरा बिचकतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात दोन मुलं तापानं फणफणली. ओट्यावर लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, ‘पक्षी रोग आणतात.’ कुणी म्हणालं, ‘चिंचेवरची बगळ्यांची घरटी पाडून टाका.’ रक्त तपासलं तेव्हा ताप डेंग्यूचा निघाला. डेंग्यूत पक्ष्यांचा काडीचाही संबंध नसतो. तो माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून माणसाकडे जातो. घरटी वाचली, पण प्रश्न मनात राहिला. पक्ष्यांकडून डासांमार्फत माणसाला आजार होतो, हे खरं आहे का?

काही आजारांच्या बाबतीत खरं आहे. त्यातले दोन आपण ओळखून ठेवावेत: वेस्ट नाईल ताप आणि जपानी मेंदूज्वर. वेस्ट नाईलचा विषाणू 1937 साली युगांडात सापडला. तो पक्ष्यांच्या रक्तात वाढतो. क्युलेक्स जातीचा डास अशा पक्ष्याला चावतो आणि पुढे माणसाला चावला की विषाणू माणसात येतो. 1998 च्या ऑगस्टमध्ये स्थलांतर करणारे पांढरे करकोचे गरम वाऱ्यांनी भरकटून इस्रायलच्या ऐलात शहरात उतरले. त्यांच्यात हा विषाणू मिळाला. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये दिसला. तिथे आधी कावळे पटापट मेले आणि मग माणसं आजारी पडली. आपल्याकडेही तो नवा नाही. मुंबईकरांच्या रक्तात त्याच्या खुणा 1952 सालीच आढळल्या होत्या. केरळमध्ये 2019 साली मलप्पुरम जिल्ह्यातलं एक लहान मूल त्याने दगावलं.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे, ढोकरी यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. त्याचा डास भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात जन्मतो. ‘आपल्या वस्तीत डुक्कर नाही, म्हणजे आपण सुरक्षित’ असं आम्हीही समजत होतो. पण बगळा प्रत्येक खाचरात उभा असतो आणि डास कुणाच्या घराची चौकशी करून येत नाही.

मग पाहुण्या पक्ष्यांना दोष द्यायचा का? इथे जरा थांबून विचार करू. पक्ष्याच्या रक्तात हा विषाणू बहुधा थोडेच दिवस टिकतो. त्या मुदतीत पक्षी नव्या जागी पोचला आणि तिथे योग्य जातीचा डास भरपूर असला, तरच साखळी पुढे जाते. आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा बहुतेक खाचरं कोरडी पडलेली असतात. पावसात खाचरं तुडुंब भरतात तेव्हा तिथे असतात ते बारमाही बगळे. म्हणजे आजार दूरदेशी नेण्यात स्थलांतराचा हात असू शकतो, पण घरात ताप शिरतो तो दाराजवळच्या डासांमुळे.

असाच संशय पूर्वीही घेतला गेला होता. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. तो विषाणू रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता होता. त्यामुळे सैबेरियाचे पक्षी गोचिडांबरोबर तो घेऊन आले असावेत, असं वाटलं. डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढला. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. पण कोणता पक्षी कुठून कुठे जातो, याचं मोलाचं ज्ञान देशाला मिळालं. हेच सलीम अली 1930 साली आपल्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करत होते. आरोप करण्याआधी नीट पाहावं, हा त्यांचा धडा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे.

आता घरातलं बोलू. क्युलेक्स डास तिन्हीसांजेपासून रात्रभर चावतो. मगरिबच्या अजानच्या सुमारास दारं-खिडक्या लावाव्यात, अंगणात खेळणाऱ्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि झोपताना मच्छरदाणी लावावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा कोरडी करावी. मशिदीचा हौज वरचेवर रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. तुंबलेली गटारं वाहती करावीत.

जपानी मेंदूज्वरावर लस आहे. आपल्या भागात मुलांना ती दिली जाते का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं आणि मिळत असेल तर अफवांना न जुमानता टोचून घ्यावी. वेस्ट नाईलवर माणसांसाठी लस नाही. बहुतेकांना दोन्ही आजार कळतही नाहीत. पण मेंदूवर सूज आली तर जीव जाऊ शकतो आणि वाचलेल्या मुलाला कायमचं अपंगत्वही येऊ शकतं. म्हणून तापात मूल गुंगीत गेलं, झटके आले, मान ताठरली, असंबद्ध बोलू लागलं तर सकाळची वाट पाहू नये. दुआ जरूर करावी, पण रिक्षाही त्याच घडीला बोलवावी.

आमच्या चिंचेवर यंदाही बगळ्यांनी घरटी बांधली होती. आम्ही ती तशीच राहू दिली. त्याऐवजी मोहल्ल्यातल्या पोरांना घेऊन मशिदीमागचं गटार उपसलं.