बाळाची 'ॲसिडिटी' मोजायची कशी?

देवगाव फाट्याला माझी मावसबहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ महिन्याचं. पाजलं की थोडं दूध ओकतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मेडिकलवाला म्हणाला, ॲसिडिटी आहे, सिरप द्या! मित्रांनो, दोघांनीही बाळाचं वजन विचारलं नाही.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचं एक कडं असतं, आपल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखं. तान्ह्या बाळात ते मधूनमधून सैल पडतं. त्यात आहार पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग दूध वर येणारच. हा नुसता रिफ्लक्स. चौथ्या महिन्याच्या आसपास तो जास्त असतो आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचा थांबतो. वजन वाढेना, बाळ दूधच घेईना, उलटीत रक्त दिसलं, तर आजाराचा संशय घ्यायचा.

म्हणून पहिलं इन्स्ट्रुमेंट म्हणजे वजनकाटा. सुरुवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं, पुढे रोज २०-३० ग्रॅम वाढ हवी. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या यासाठीच. (घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने सिद्ध केली, बरं का!) ताईच्या कार्डावर आकडे चढते आहेत. डॉक्टर म्हणाले, औषध नको, पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा आणि झोपवताना पाठीवरच झोपवा.

शंका उरलीच तर मोठी तपासणी, आणि ती आपल्या आवडीची आहे. नाकातून बारीक प्रोब अन्ननलिकेत उतरवून २४ तास पीएच नोंदवतात. ४ च्या खाली गेला की आम्ल वर आलं. पण तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध पितं, दुधाने आम्ल सौम्य होतं आणि पीएच मीटर फसतो! म्हणून त्याच प्रोबवर कड्या बसवून त्यांच्यातला इम्पीडन्स मोजतात. द्रव आला की तो घटतो, हवा आली की वाढतो. आधी खालच्या कडीत घटला तर रिफ्लक्स, वरच्या कडीत घटला तर घोट. किती सोपं! बेरियमचा एक्स-रे मात्र रिफ्लक्ससाठी नाही, अन्नमार्गाची रचना बघायला असतो.

उलटी हिरवी असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी सिरप नाही, काटा नाही, सकाळची वाट बघणं नाही. रात्रीच गाडी काढून हॉस्पिटल गाठायचं. दर वेळी जोराची, लांब उडणारी उलटी होत असेल तर जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं, ते सोनोग्राफीत दिसतं.