जनावराचें पोट आणि पोटाची कळ

बैल दावणीस उभा आहे, कडब्याची पेंढी पुढें तशीच पडली आहे, आणि सकाळपासून त्यानें रवंथ केलेला नाहीं. एवढें दिसलें कीं जाणता शेतकरी चिंतेंत पडतो. ही चिंता योग्यच आहे. मात्र अशा वेळीं घरोघर जे उपाय होतात त्यांतील पुष्कळसे, पोटाची रचना ठाऊक नसल्यामुळें, निरुपयोगी व कित्येक तर घातक असतात.

गाय-बैलांच्या पोटास चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट व खरें जठर. पैकीं कोठीपोट सर्वांत मोठें. मोठ्या जनावराच्या कोठींत १०० लिटरांहून अधिक माल मावतो व डाव्या कुशीची जवळजवळ सर्व जागा तीच व्यापते. कडबा पचविण्याचें सामर्थ्य खुद्द बैलाचें नव्हे. तें कोठींत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें आहे. ते चारा आंबवितात, त्यांतून निघणारीं आम्लें कोठीच्या भिंतींतून रक्तांत जातात, आणि जनावराच्या शक्तीचा मोठा भाग तेथूनच येतो. रवंथ सात-आठ तास चालतो तो चारा बारीक करण्यासाठीं तर खराच. पण त्याबरोबर लाळ पोटांत उतरते व तींतील खार आम्लाचा जोर मोडतो. लग्नकार्यांत उरलेला भात किंवा पाटीभर धान्य प्रेमानें पुढें ठेवणारे हें विसरतात. असें अन्न झपाट्यानें आंबतें, आम्ल वाढतें, उपयोगी जंतू मरतात, कोठीची हालचाल थांबते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावूं शकतें.

आंबण्यांतून तासास ३० ते ५० लिटर वायु निघतो व ढेकरेवाटे बाहेर पडतो. भुकेल्या जनावरानें कोवळा लसूणघास भरपूर खाल्ला तर वायूचा फेस होतो, ढेकर येत नाहीं, डावी भकाळी ढोलासारखी फुगते व फुफ्फुसांवर दाब पडून श्वास कोंडतो.

आतां दुखण्याविषयीं. कातडीस कांटा टोंचला कीं जागा तत्काळ कळते. पोटाचें तसें नाहीं. कोठीपोट किंवा आंतडें कापलें तरी फारशी वेदना होत नाहीं. पण तें ताणलें, आवळलें, सुजलें किंवा त्याचें रक्त तुटलें कीं तीव्र कळ येते. म्हणूनच कातडी व स्नायू बधिर करून उभ्या जनावराचें कोठीपोट उघडतां येतें. शिवाय आंतील ज्ञानतंतु विरळ असून मज्जारज्जूंत ते कातडीच्या तंतूंशीं एकत्र येतात. त्यामुळें जागेचा पत्ता चुकतो. मनुष्यासही आंत्रपुच्छाची सूज उजवीकडे असतां पहिली कळ बेंबीपाशीं जाणवते. जनावर तर मुकें, आणि वेदना लपविण्याची त्याची उपजत खोड. दांत खाणें, कण्हणें, पाठ कमानीसारखी करणें, पोटास लाथ मारणें, एवढीच त्याची भाषा.

ती भाषा तारेच्या बाबतींत फार उपयोगी पडते. गुरें घांस न निवडतां गिळतात. चाऱ्यांतील खिळा वा तार जाळीपोटांत जाऊन बसते. तेथून हृदय जवळच. मध्यें श्वासपटल काय तें. तार टोंचूं लागली कीं जनावर कोपरें बाहेर काढून उभें राहतें. चढावर तें चालतें, उतारावर मात्र पाय टाकीत नाहीं, कारण पोटाचा भार पुढें येतो. खंबाटकी चढलेला बैल उतरतांना अडून कण्हूं लागला, तर तो आळस समजूं नये. वशिंडामागें पाठ दाबून पाहावी : निरोगी जनावर पाठ लववितें, दुखणाईत लववीत नाहीं व कण्हतें.

अशा वेळीं पोटावर डाग देणारे अजून भेटतात. डागानंतर जनावर गप्प होतें हें खरें. परंतु नवी वेदना जुनीस कांहीं वेळ दाबते, इतकाच त्याचा अर्थ. आंतील तार जागची हालत नाहीं, आणि मौल्यवान दिवस मात्र जातात. वेदनाशामक औषधही मनानें देऊं नये. डायक्लोफिनॅक जनावरांस देण्यास २००६ सालापासून बंदी आहे. तें टोंचलेल्या गुरांचीं मढीं खाऊन गिधाडें मरत.

खंडाळा तालुक्यांतील वाचकांस दूर जाणें नको. शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जाळीपोटांत चुंबक सोडून तार धरून ठेवण्याची युक्ति पशुवैद्य करतात. पण सैल तारच तो धरतो, रुतलेली तार काढण्यास शस्त्रक्रियाच लागते. कारखाने व बांधकामें वाढल्यापासून या भागांत तारेच्या तुकड्यांस तोटा नाहीं. कडबाकुट्टीच्या तोंडाशीं एक मोठा चुंबक बांधून ठेवावा व आठवड्यानें त्यास काय चिकटलें तें पाहावें.