सावर फुलली की कॅमेरा काढा

पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. पण गुढीपाडवा उजाडेपर्यंत महाराष्ट्रातले कितीतरी पळस फुलून झडलेलेही असतात. काटेसावर तर त्याच्याही आधी, माघातच लाल होऊ लागते. त्यामुळे पक्षी आणि फुलं टिपायची हौस असलेल्यानं फेब्रुवारीतच घराबाहेर पडावं आणि नजर वर ठेवावी. रानफुलं म्हटलं की आपल्याला कास आठवतं. पण कासचं पठार बहरतं ते पावसाच्या ओलीवर, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं वाळलेलं गवत उरतं. या दिवसांतला खरा बहर पानं गाळून बसलेल्या झाडांवर असतो, आणि पक्षी आपण होऊन तिथं येतात.

ते येतात, कारण ही झाडं त्यांनाच बोलावत असतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्याला तो लांबून कळतो. सावर, पळस आणि पांगारा या तिघांची फुलं लाल-केशरी, पाकळ्या जाड, वास जवळपास नाहीच आणि मध पातळ पण भरपूर. सावरीच्या फुलात तोंड घातलेला पक्षी बाहेर येतो तो कपाळाला पराग माखूनच, आणि तसाच पुढच्या झाडावर जातो. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी या देवाणघेवाणीवर १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला होता. फुलांना भेट देणाऱ्या भारतीय पक्ष्यांबद्दल आजही त्याचा दाखला दिला जातो.

फुललेल्या सावरीवर सकाळी सातच्या सुमारास जो गलका असतो, तो एखाद्या लग्नघरातल्या पंगतीसारखा. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, पोपट, अधूनमधून हळद्या. शिवाय फांद्यांवरून धावणाऱ्या खारी. कोतवाल मधही पितो आणि मधाला आलेले किडेही मटकावतो. टोई पोपट तर पाकळ्याच कुरतडतो. रात्री वटवाघळांची पाळी. खाली गळालेली फुलं जंगलात चितळं खातात.

या गर्दीत खास पाहावी ती भोरडी, म्हणजे पळसमैना. काळं डोकं, काळे पंख आणि मधे गुलाबी अंग. विणीसाठी ती मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या माळांवर जाते, टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवते आणि पुन्हा इकडे परतते. वर्षातला मोठा काळ ती आपल्याकडेच असते. ज्वारीच्या कणसांवर तिचे थवे उतरतात, म्हणून शेतकरी तिच्यावर गोफण फिरवतो. तीच भोरडी पुढे सावरी-पळसावर मध पिताना दिसते. एप्रिलमध्ये ती निघून जाते. फोटो हवा असेल तर तिची वाट पाहायला वेळ थोडाच.

आता छायाचित्राकडे. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: झाडाच्या बुंध्याशी उभं राहून कॅमेरा सरळ वर धरायचा. हाती काय लागतं? पांढरं फटक आकाश आणि पक्ष्याचं काळं पोट. त्यापेक्षा टेकडीच्या उतारावर असं झाड शोधावं, ज्याचा शेंडा आपल्या डोळ्यांच्या रेषेत येईल. सूर्य आपल्या पाठीशी हवा. जांभळ्या शिंजिराच्या, म्हणजे सनबर्डच्या, नराला तर हे फारच लागू, कारण त्याचं निळं-जांभळं तेज हा पिसांवरून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. उजेड समोरून नसेल तर तो नुसता काळा दिसतो. हा झगमगाटही विणीपुरताच. नंतर तो मादीसारखा फिकट होतो, छातीवर एक काळा पट्टा तेवढा राहतो.

पक्ष्यामागे उजळ आकाश असेल तर एक्सपोजर थोडं वाढवावं. चौकट पळसाच्या फुलांनीच भरली असेल तर उलट कमी करावं, नाहीतर केशरी रंग फुटून पाकळीचा पोत हरवतो. शिंजीर क्षणभर स्थिर राहत नाही. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त ठेवलेला बरा.

मोठी लेन्स नसेल तर सह्याद्रीच्या उतारावरची धायटी गाठावी. आसव-अरिष्टांत आंबवण्यासाठी जिची फुलं घालतात, तीच ही. पुरुषभर उंचीचं झुडूप, फांदीभर लहान लाल फुलं आणि त्यांवर शिंजीर, अगदी समोर. आंब्यावरचं बांडगूळही असंच दुर्लक्षित. बागायतदाराला ते नकोसं, पण त्याच्या फळांवर जेमतेम आठ सेंटिमीटरचा फुलटोच्या जगतो. चिकट बी तो फांदीला पुसतो आणि तिथं नवं बांडगूळ उगवतं.

एक गोष्ट मात्र करू नये. मार्चमध्ये शिंजिराची घरटी लोंबू लागतात. चांगला फोटो मिळावा म्हणून त्याभोवतीची पानं-डहाळ्या छाटणारे महाभाग आहेत. आडोसा गेला की कावळ्याला घरटं सापडतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही तसलंच. विणीच्या दिवसांत तो खाणंपिणं सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत बसतो. अशा फोटोचं कौतुक करणंच थांबवायला हवं.

काढलेले फोटो मोबाइलमध्ये पडून राहू देऊ नका. तारीख-ठिकाणासह ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर अभ्यासकांना उपयोगी पडतात. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जागतिक पक्षीगणना दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस चालते आणि तिच्यासाठी पंधरा मिनिटांचं निरीक्षणही पुरतं. तेव्हा सावर फुललेलीच असते. आपल्या घराजवळची सावर कुठं आहे, ते आत्ताच हेरून ठेवा.